सायकल रस्त्यावर कमी मोडते, थांब्यावर जास्त



थंडी पडली आणि गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर दोन तऱ्हेची रहदारी वाढते. एक उसाची. बैलगाड्या, टायरगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रक. ही आपल्या घरची रहदारी, तिच्याविषयी या अंकातून आपण वरचेवर बोलतोच. दुसरी रहदारी सायकलींची. छत्रपती संभाजीनगर शहरातून रविवारी पहाटे सायकलस्वारांचे जथे बाहेर पडतात. वीस-पंचवीस जण, कधी पन्नास-साठ. काही दौलताबादचा घाट चढून खुलताबादमार्गे वेरूळला जातात; ते अंतर सुमारे ३० किलोमीटर. काही चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पैठण गाठतात. ते पन्नासाच्या मागे-पुढे. हिवाळ्यात नाथसागरावर पाहुणे पक्षी उतरतात, त्यांच्या निमित्तानेही मंडळी येतात. डोक्यावर टोपडे, अंगात रंगीत कपडे, सायकलीला पुढे-मागे दिवे. आपली पोरे त्यांना पाहायला बांधावर धावतात.

ही मंडळी चहाला, नाश्त्याला, पाणी प्यायला थांबतात ती आपल्या गावांत. हॉटेल आपल्या सभासदाचे असते, पार आपल्या मारुतीचा असतो, डेअरीचा ओटा आपला असतो. आणि सायकलींचा जथा काही शहरातूनच येतो असे नाही. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ साली ठरवला. त्या दिवशी, नाहीतर १५ ऑगस्टला, शाळा सायकल फेरी काढते आणि तिच्यात आपलीच मुले-मुली असतात. आषाढीला सायकलवर पंढरपूरला जाणारे वारकरीही आता दिसतात. तेव्हा सायकलींचा थांबा कसा असावा हा शहरी लोकांच्या हौसेचा विषय राहिलेला नाही. यजमान म्हणून आणि पालक म्हणूनही तो आपला आहे.

नुकसान होते कुठे?

कोणालाही विचारा, सायकल कशाने मोडते? उत्तर येईल, खड्ड्याने. ते खोटे नाही. पण जथ्याने हिंडणाऱ्या सायकलींचे पाहिले तर वाकलेले हँडल, मुडपलेली तार, ओरखडलेला रंग, निसटलेली साखळी यांतले बरेचसे चालताना झालेले नसते. उभी असताना झालेले असते. कारण उघड आहे. सायकल चालते तेव्हा तिच्यावर एक माणूस बसलेला असतो आणि त्याचे सगळे लक्ष तिच्यावर असते. ती थांबते तेव्हा तोच माणूस भुकेला, दमलेला असतो, आणि त्याचे लक्ष भज्यांच्या घाण्याकडे असते.

दृश्य नेहमीचे आहे. पहिला येतो तो हॉटेलच्या खांबाला सायकल टेकवतो. दुसरा पहिल्याच्या सायकलीला टेकवतो. तिसरा दुसऱ्याच्या. मालक म्हणतो, "जरा पलीकडं लावा की." उत्तर येते, "राहू द्या ओ, पाचच मिनिटं थांबायचंय." ती पाच मिनिटे अर्ध्या तासाची होतात. मग ज्याची सायकल सगळ्यात आत आहे त्यालाच आधी निघायचे असते. तो ओढतो. याचे पायडल त्याच्या चाकाच्या तारांत, त्याचे हँडल याच्या ब्रेकच्या वायरीत. एक ओढली की दहा पडतात. धडाधड आवाज होतो, सगळे चहाचे ग्लास ठेवून पळतात, आणि मग ज्याची त्याची "माझी बघू, माझी बघू" सुरू होते.

किंमत पाहायची तर आपल्या हिशेबात पाहू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरवली. म्हणजे साडेपस्तीस हजारांची गियरची सायकल ही दहा टन उसाची झाली, तीही तोडणी-वाहतूक वजा न करता. आणि या जथ्यांत त्याहून महागाच्या सायकली पुष्कळ असतात. तुमच्या ओट्यावर चाळीस सायकली एकावर एक रेलून उभ्या असतील तर तिथे किती टनांचा माल उभा आहे याचा अंदाज आपल्याइतका कोणाला येणार?

पडलेली सायकल आणि पुढचा घाट

"पडली तर पडली, उचलून ठेवू" असे म्हणून भागत नाही. जुनी काळी सायकल वीस किलोच्या आसपास भरते. जाड लोखंडी नळ्या, साखळीवर पत्र्याचे कव्हर. ती पडली तर मडगार्ड वाकते, हातोडीने ठोकले की झाले. नव्या गियरच्या सायकलीचे तसे नाही. तिच्या मागच्या चाकाजवळ उजव्या बाजूला साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर नेणारे एक यंत्र लोंबत असते. मेकॅनिक त्याला डिरेलर म्हणतात. ते ज्या छोट्या पट्टीवर टांगलेले असते ती पट्टी, म्हणजे हँगर, बहुधा मऊ ॲल्युमिनियमची आणि मुद्दाम कमजोर केलेली असते. धक्का बसला तर ती वाकावी आणि सांगाडा वाचावा यासाठी.

सायकल उजव्या अंगावर पडली की पहिला मार या पट्टीला बसतो. पट्टी थोडीच वाकली तर डोळ्यांना दिसत नाही. सपाट रस्त्यावर सायकल नीट चालते. चढ आला, स्वाराने सगळ्यात हलका गियर टाकला, की साखळी आतल्या मोठ्या चक्रावर जाते आणि वाकलेले यंत्र तारांच्या जवळ सरकते. ते तारांत अडकले तर मागचे चाक जागच्या जागी जखडते. बिडकीनच्या थांब्यावर पडलेली सायकल बिडकीनला त्रास देत नाही; ती पुढे कुठेतरी चढावर दगा देते, आणि मागून उसाची ट्रॉली येत असते. सायकली पडू देऊ नयेत याचे खरे कारण हे आहे. रंगाचा ओरखडा ही त्यातली सर्वात लहान गोष्ट.

दुसरा धोका पुढच्या चाकाचा. बऱ्याच नव्या सायकलींची चाके पान्याशिवाय निघतात. धुऱ्याच्या टोकाला एक लहान मूठ असते, ती फिरवली की चाक सैल होते. गावातल्या पोरांना ही मूठ दिसली की हात शिवशिवतात. मूठ उघडून तशीच राहिली आणि स्वार न पाहता निघाला, तर पहिल्या उसळीला चाक चिमट्यातून सुटू शकते. पोराने खोडी म्हणून केलेले नसते, कुतूहल म्हणून केलेले असते. परिणाम मात्र तोच.

तिसरी गोष्ट उन्हाची आणि काट्यांची. पहाटेच्या १५ अंशांच्या गारव्यात १०० पौंड हवा भरलेले टायर उन्हात तापून ४५ अंशांवर गेले तर आतला दाब साधारण १२ पौंडांनी वाढतो. चांगले टायर ते सोसते. जुने, चिरा पडलेले टायर आणि ठिगळ लावलेली ट्यूब सोसेलच असे नाही. आणि मोकळ्या पडीक जागेत सराटा असतोच. सराट्याचा काटा पायाला लागतो तसा टायरलाही लागतो. जथा पडीकात थांबला, सायकली सराट्यातून ढकलत नेल्या, आणि निघताना आठ जणांची चाके बसलेली, असे होऊ नये.

केन यार्डात जे करतो ते ओट्यावर का नाही?

आता उपाय. तो आपल्याला नवा नाही. आपल्या कारखान्याचा केन यार्ड डोळ्यांसमोर आणा. उसाची वाहने आली तशी गव्हाणीकडे घुसली तर काय होईल? एक टायरगाडी आडवी होईल आणि दहा ट्रॅक्टर अडकतील. म्हणून आपण काय करतो? आलेल्या वाहनाला नंबर देतो. बैलगाड्यांची रांग वेगळी, ट्रॅक्टरची वेगळी, ट्रकची वेगळी ठेवतो. आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट एक ठेवत नाही. आणि यार्डात आपला माणूस उभा असतो. तो जेवायला गेला तर दुसरा उभा राहतो.

सायकलींच्या थांब्याला एवढेच लागते: जागा, रांग, वाट आणि माणूस. यातला माणूस सर्वात महत्त्वाचा. जथा काढणाऱ्यांनी निघण्याआधीच ठरवावे की अमुक थांब्यावर सायकलींपाशी कोण थांबणार. तो चहा शेवटी घेईल, किंवा त्याचा चहा तिथेच पोचेल. चाळीस सायकलींना असे दोन माणसे पुरतात. अर्ध्या वेळाने बदली करावी. हॉटेलवाल्यावर ही जबाबदारी ढकलू नये. त्याचे हात कढईत गुंतलेले असतात.

ज्यांनी जुन्या सिनेमा थिएटरचे किंवा एसटी स्टँडचे सायकल स्टँड पाहिले आहेत त्यांना आठवेल. खेळ सुटला की शेकडो माणसे एकदम बाहेर पडत. पण स्टँडवाला पत्र्याचा बिल्ला बघून बरोबर सायकल काढून देई. एक बिल्ला हँडलला, त्याच नंबराचा दुसरा मालकाच्या खिशात. ना सायकल बदले, ना पाडापाडी होई, कारण गिऱ्हाइकाला रांगेत हातच घालू देत नसत. मोठा मेळा असेल, दोन-तीनशे सायकली येणार असतील, तर हीच पद्धत पुन्हा आणावी. पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुतळी एवढाच खर्च.

त्या जुन्या स्टँडवरची एक गोष्ट मात्र उचलू नये. लोखंडी पट्ट्यांच्या खाचेत पुढचे चाक अडकवायची सोय जड सायकलींसाठी ठीक होती. हलक्या सायकलीचे चाक त्या खाचेत अडकले आणि सायकल एका बाजूला कलंडली तर सगळा भार तारांवर येतो आणि चाक आउट होते. डिस्क ब्रेक असेल तर चाकाजवळची पातळ चकतीही वाकते. मग चाक फिरताना खर्र खर्र आवाज येत राहतो.

बांबूचा आडवा दांडा

चांगला उपाय बांबूचा. पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यती असतात. तिथे शेकडो सायकली आडव्या दांड्यावर सीटच्या टोकाने टांगलेल्या असतात. तीच युक्ती आपल्याकडे फुकटात होते.

तीन-तीन बांबूंची दोन तिकाटणी करावीत. त्यांच्यावर दहा फुटी पक्का बांबू आडवा ठेवून सुंभाने किंवा फाटक्या ट्यूबच्या पट्टीने आवळावा. सायकलीचे पुढचे चाक दांड्याखालून पुढे घ्यायचे, मागून सायकल थोडी उचलायची आणि सीटचे पुढचे टोक दांड्यावर अडकवायचे. मागचे चाक जमिनीपासून चार बोटे वर राहील एवढी दांड्याची उंची हवी. सायकल टांगली जाते, कलंडत नाही, आणि शेजारणीला टेकतही नाही.

एक सायकल या बाजूने, पुढची त्या बाजूने, अशी आळीपाळीने लावली की हँडलला हँडल अडकत नाही. दहा फुटांत अशा सहा सायकली आरामात बसतात. चाळीस सायकलींना सात दांडे झाले. एक दांडा बुटका ठेवावा, म्हणजे लहान उंचीच्या स्वारांची आणि मुलांची सोय होते. बांबू कोवळा किंवा किडका नसावा, आणि पहिली सायकल टांगण्याआधी दोन माणसांनी दांड्यावर हाताने भार देऊन पाहावा. रात्री केळीला टेकू देणाऱ्या किंवा मांडव घालणाऱ्या माणसाला हे शिकवायला नको.

जड काळ्या सायकली आणि शाळेच्या सायकली या दांड्यावर लावू नयेत. त्यांना स्वतःचे स्टँड असते. त्यांची रांग वेगळी, जमीन कठीण आणि सपाट. जमीन भुसभुशीत असेल तर स्टँडखाली फरशीचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवावा, नाहीतर स्टँड रुतते आणि शेवटची सायकल पहिलीला घेऊन पडते. दोन सायकलींत हातभर अंतर, आणि सगळ्यांची हँडले एकाच बाजूला वळवलेली.

दांडा नसेल तर

प्रत्येक थांब्यावर बांबू असेलच असे नाही. मग तीन साध्या गोष्टी.

पहिली, भिंत. भिंतीला एकच थर. सायकलीवर सायकल टेकवायची नाही हा नियम जथ्याच्या प्रमुखाने घरातून निघतानाच सांगावा. सायकलीची डावी बाजू भिंतीकडे, साखळीची उजवी बाजू बाहेर. मागचे चाक आणि सीट दोन्ही भिंतीला लागली की ती सहसा हलत नाही. भिंत खडबडीत असेल तर सीटमागे गोणपाटाची घडी टाकावी. साखरेची रिकामी पोती आपल्या घरांत काही कमी नाहीत.

दुसरी, ट्यूबची रिंग. जुन्या ट्यूबचा बोटभर रुंद तुकडा कापून पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवर हँडलसकट चढवला की ब्रेक दाबलेला राहतो. चाक फिरत नाही, म्हणून टेकवलेली सायकल घसरत नाही. निघताना रिंग काढून हँडलवरच सरकवून ठेवावी.

तिसरी, आडवी निजवणे. दुसरा इलाज नसेल तर उभी करून पाडण्यापेक्षा आपणच सायकल हळूच डाव्या अंगावर निजवावी. साखळी आणि गियर वर राहिले पाहिजेत. पण अशी निजवायची तर ती वाटेवर नव्हे, गवतावर किंवा सारवलेल्या अंगणात. पाचटावर नको. पाचटाचे धागे साखळीत जातात, आणि वाळलेल्या पाचटाजवळ कोणी विडी पेटवली तर काय होते हे आपल्याला माहीत आहे.

जागा निवडताना आणखी एक पाहावे. हंगामात पैठण रस्त्यावरच्या हॉटेलांपुढे उसाचे ट्रॅक्टरही चहाला थांबतात. ट्रॉलीच्या बाहेर ऊस दोन्ही अंगांनी आलेला असतो, ड्रायव्हरला मागचे दिसत नाही, आणि दोन ट्रॉल्यांची जोडी मागे घेताना मागची ट्रॉली कुठे वळेल हे त्यालाही नीट सांगता येत नाही. म्हणून ट्रॅक्टर थांबतात त्या बाजूला सायकली लावू नयेत. हॉटेलच्या मागे, शाळेच्या आवारात, देवळाच्या पटांगणात लावाव्यात. रस्त्यापासून पन्नास पावले आत जावे लागले तरी चालेल. सावली असेल तर सोन्याहून पिवळे. आणि जागा आधी झाडून घ्यावी. एक माणूस, एक खराटा, दहा मिनिटे. सराटा गेला की निम्मी पंक्चरे गेली.

पोरांना हाकलू नका

जथा आला की गावातली पोरे गोळा होणारच. त्यांना "ए, हात लावू नको" म्हणून हुसकावले की ती चार पावले मागे जातात आणि पाठ फिरली की परत येतात. त्यापेक्षा त्यांतल्या मोठ्या दोघांना बोलवावे, मान देऊन सांगावे, "ही रांग तुमच्या ताब्यात. कोणी हात लावला तर आम्हाला हाक मारायची." मग ती पोरे कोणाला फिरकू देत नाहीत. स्वारांपैकी कोणी पाच मिनिटे काढून गियर कसा पडतो, चाक कसे निघते हे सगळ्यांना एकदा दाखवले, तर कुतूहल तिथेच फिटते. उद्या त्यांतलाच एखादा गावात सायकलीचे दुकान घालील.

इतर गावे काय करतात

अमेरिकेत आयोवा नावाचे राज्य आहे. मक्याचे राज्य, खेडी आपल्यासारखीच शेतीवर जगणारी. १९७३ साली तिथल्या एका वर्तमानपत्राचे दोन वार्ताहर सायकलवर राज्य ओलांडायला निघाले आणि वाचकांना म्हणाले, तुम्हीही या. तेव्हापासून दर जुलैत आठवडाभर हजारो माणसे पश्चिम टोकाकडून पूर्वेला सायकलने जातात. रॅगब्राय म्हणतात त्याला. मुक्कामाची गावे दरवर्षी बदलतात. आपल्या गावाची पाळी आली की गावकरी काही महिने आधी समिती नेमतात. जेवण कोणाकडे, झोपायची जागा कुठे, रहदारी कोण पाहणार, सगळे वाटून घेतात. लहान गावाला त्या एका दिवसात चार पैसे मिळतात, आणि नाव होते ते वेगळेच.

फ्रान्समध्ये पॅरिसहून ब्रेस्ट बंदरापर्यंत आणि परत अशी १,२०० किलोमीटरची सायकलफेरी १८९१ पासून आहे. हल्ली ती चार वर्षांतून एकदा होते आणि वेळ मिळतो जास्तीत जास्त ९० तास. भारतातूनही स्वार जातात. त्यासाठी इथे २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या फेऱ्या ठरलेल्या वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. अशा फेरीत थांब्यावर कार्डावर शिक्का घ्यायचा असतो आणि घड्याळ चालू असते. घाईत सायकल कुठेही फेकायचा मोह होतो. म्हणून तिथे थांब्यावर सायकल लावण्याची जागा आधीच आखलेली असते. घाईच्या माणसाला शिस्त शिकवत बसता येत नाही; जागाच अशी करावी लागते की शिस्त आपोआप घडेल.

आणि एवढ्या लांब कशाला जायचे? पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. पालखी सोहळ्यांत दिंड्यांची जागा ठरलेली असते. कोण रथापुढे, कोण रथामागे, याचा क्रम असतो आणि तो मोडायचा नसतो. लाखो माणसे आळंदी-देहूपासून पंढरीला पोचतात ती या क्रमाच्या बळावर. नाशिकहून सायकलने पंढरपूरला जाण्याची प्रथा २०१२ पासून रुजली, पुढे इतर शहरांतूनही मंडळी जाऊ लागली. आता तिथे सायकलींचे रिंगणही होते. शेकडो सायकली गोलात फिरतात आणि एक दुसरीला लागत नाही. चालताना एवढी शिस्त पाळता येते, तर उभे राहताना का येऊ नये?

शाळेच्या फेरीतली सायकल

आता मुख्य गोष्ट. शहरातल्या स्वाराची महागडी सायकल मोडली तर तो संध्याकाळी दुकानात टाकतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा निघतो. आपल्या मुलीच्या सायकलीचे काय?

मानव विकास कार्यक्रमाचे आयुक्तालय आपल्याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात आहे. त्या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकल मिळते. गाव ते शाळा दोन-चार किलोमीटर, मध्ये वस्ती नाही, एसटी वेळेवर येईलच असे नाही. त्या मुलीची दहावी त्या सायकलीवर उभी आहे. १५ ऑगस्टच्या फेरीत दोनशे सायकली ग्रामपंचायतीपुढे एकमेकींवर रेलल्या, झेंडावंदन झाले, आणि पाडापाडीत हिचे चाक आउट झाले. कोणाच्या धक्क्याने झाले ते कोणालाच सांगता येत नाही. बाप म्हणतो, "बघू, उसाचं बिल आल्यावर." बिल यायला वेळ लागतो. पोरगी आठ दिवस चालत जाते, पुढचे आठ दिवस मैत्रिणीच्या कॅरियरवर, आणि मग "आज राहू दे" सुरू होते. शाळा सुटण्याची सुरुवात काही वेळा एवढ्याशा गोष्टीने होते.

म्हणून शाळेच्या फेरीला जास्त काळजी घ्यावी. वर्गवार रांगा कराव्यात. प्रत्येक रांगेला दोन मुले आणि एक शिक्षक. सायकली काढताना शेवटची रांग आधी, मग तिच्या आधीची. घंटा वाजली म्हणून सगळ्यांनी एकदम धावायचे नाही. गावातल्या सायकल दुकानदाराला त्या दिवशी पान्यांसह बोलवावे. त्याचा दिवसाचा रोज आणि किरकोळ सामानाचा खर्च फेरी काढणाऱ्यांनी द्यावा, आणि ते आधी जाहीर करावे. फेरीत मोडले तर फेरीने दुरुस्त करायचे, मुलीच्या बापाने नव्हे. हा खर्च हार-तुरे आणि मांडव यांच्या पुढे काहीच नाही.

निघण्याआधी, आणि टेम्पोत चढवताना

थांब्यावरून निघताना प्रत्येकाने चार गोष्टी पाहाव्यात. हवा: अंगठ्याने दाबून. ब्रेक: दोन्ही लिव्हर ओढून, सायकल पुढे-मागे ढकलून. साखळी: मागचे चाक उचलून पायडल फिरवून, गियर वर-खाली करून. हलक्या गियरवर तारांचा आवाज आला तर तसेच निघायचे नाही. चौथे, चाकांच्या मुठी: दोन्ही घट्ट आहेत ना. पडलेली सायकल असेल तर हे दोनदा पाहावे. सगळे मिळून एक मिनिट लागते.

परतीला बरेच जथे सायकली टेम्पोत घालतात. तिथेही तोच घोळ. उसाच्या मोळ्यांसारख्या सायकली रचू नयेत. तळाला पोती, दोन सायकलींमध्ये पोते, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे. गियरची बाजू दुसऱ्या सायकलीच्या पायडलला लागू द्यायची नाही. वरून दोरी ओढताना ती ब्रेकच्या वायरीवरून न घेता सांगाड्यावरून घ्यावी.

सभासद बंधूंनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पहिले वाहन सायकल होते. दूध तिच्यावर गेले, खत तिच्यावर आले, उसाच्या तोडीची चिठ्ठी घेऊन येणारा माणूसही तिच्यावरच आला. जायकवाडीचे पाणी आले, ऊस वाढला, ट्रॅक्टर आले, सायकल भिंतीला लागली. आता ती दुसऱ्या रूपाने आपल्या दारात येते आहे. येणाऱ्या हंगामात आपल्या गावच्या थांब्यावर चार बांबू, दहा पोती आणि एक जबाबदार माणूस एवढे उभे करावे. शाळेच्या मुख्याध्यापकांशी फेरीच्या आधी एकदा बोलून घ्यावे. ज्या गटातल्या गावांनी अशी व्यवस्था केली त्यांनी आपल्या गट ऑफिसात कळवावे, म्हणजे काय जमले आणि काय अडले ते इतर गावांना पुढच्या अंकातून सांगता येईल.